नमुना छापा, पण कोपऱ्यात चौकट टाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या शनिवारच्या पुरवणीत हल्ली विणकाम, क्रोशा, भरतकाम, शिवण यातले नमुने यायला लागलेत ते बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, पेपर आला की आमच्याकडे आधी तेच पान गायब होतं आणि मला क्रीडा पानावर भागवावं लागतं. पण एक तक्रार आहे. ती लिहायला मी बसलोय कारण बायको म्हणाली, "तुम्हीच लिहा, तुम्हाला मोजमापाचं वेड आहे."

वेड आहे खरं. जन्मभर कारखान्यात ड्रॉइंगवर काम केलं. साधा बोल्ट असला तरी ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असायची, माप मिलिमीटरमध्ये की इंचात, स्केल किती, मटेरियल काय, काढलं कोणी, तपासलं कोणी. चौकट रिकामी दिसली की मशीनवरचा माणूस कागद परत पाठवायचा आणि त्याचं बरोबरच असायचं. रिटायर झाल्यावर हात रिकामे बसवत नाहीत म्हणून हिच्याकडून आधी क्रोशा शिकलो, मग सुयांवरचं, आता थोडंफार मशीनवर शिवतोही (सरळ टीप, वळणावर अजून गाडी घसरते). आणि या सगळ्यात मला सारखं जाणवतं ते हे की लोक नमुने मनापासून वाटतात, फोटो झकास काढतात, पण कोपऱ्यातली चौकट कोणीच भरत नाही. "कोणत्याही हूकने करा, लोकर आवडीप्रमाणे." अहो, मग नमुना कशाला दिला?

आमच्यावर बेतलेलं सांगतो. एका मासिकातून कापून ठेवलेला कार्डिगनचा नमुना हिने मागे काढला. त्यात लिहिलेलं, सुया नंबर १०, लोकर मध्यम जाडीची, पाठीसाठी ६४ टाके घाला. बस. आमच्याकडे १० नंबरच्या सुया होत्या, तिच्या आईच्या वेळच्या, त्यावर टाके घातले, चार बोटं विणून झालं आणि मी सवयीने फुटपट्टी लावली तर रुंदी २७ सेंटिमीटरच्या आत. मोठ्या माणसाची पाठ! मी म्हटलं अगं जरा ओढून बघ, त्यावर तिने माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहीत नाही. उसवलं सगळं. मग डोकं खाजवून शोधलं तेव्हा उलगडा झाला, की १० नंबर म्हणजे जुन्या ब्रिटिश पद्धतीत सव्वातीन मिलिमीटरची सुई आणि अमेरिकन पद्धतीत सहा मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ दुप्पट जाड. ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन नंबर वाढला की जाड होते, दोघं उलट्या दिशेने चालतात आणि गंमत म्हणजे ७ नंबरवर एकमेकांना भेटतात, ती दोन्हीकडे साडेचार मिलिमीटरच. मूळ नमुना अमेरिकन असणार, मराठी करणाऱ्याने आकडा तसाच उचलला. सहाच्या सुईवर १० सेंटिमीटरला १४ टाके बसले असते तर ६४ टाक्यांची पाठ साधारण ४६ सेंटिमीटर झाली असती, बरोबर माप. एक शब्द, "मिलिमीटर", एवढा लिहिला असता तर तिची तीन दुपारची मेहनत वाचली असती.

क्रोशात याहून मोठा घोळ आहे. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तोच टाका ब्रिटनमध्ये डबल क्रोशे, आणि अमेरिकन डबल तो ब्रिटिश ट्रेबल, पुढेही सगळे एकेक पायरी सरकलेले. म्हणजे नुसतं "डबल क्रोशे" लिहिलं तर वाचणारी मुका खांब (अमेरिकन सिंगल, ठेंगणा टाका) घालणार की खांब (अमेरिकन डबल, त्याच्या दुप्पट उंच) घालणार हे तिच्या नशिबावर. आणि हे आधी कळतही नाही, वस्तू होत जाते, फक्त निम्म्या उंचीची होते. आपल्याकडे साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब असे सरळ शब्द असताना लोक डीसी (डबल क्रोशे) आणि एससी (सिंगल क्रोशे) का लिहितात मला कळत नाही, बहुतेक मॉडर्न वाटत असावं. बरं एक खूण सांगून ठेवतो, नमुन्यात कुठेही "सिंगल क्रोशे" हा शब्द दिसला की तो अमेरिकन पद्धतीचा समजा, कारण हल्लीच्या ब्रिटिश नमुन्यात तो नसतो. ट्रेबल दिसलं म्हणून काही ठरत नाही, तो दोघांकडे आहे.

आता टेन्शन. म्हणजे ते टेन्शन नाही, विणीचं टेन्शन, १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते. प्रत्येकाचा हात वेगळा, मी दोरा आवळून धरतो, ही सैल, तर त्याच सुईवर त्याच लोकरीचे आमचे दोन तुकडे शेजारी ठेवले की वाटतं दोन वेगळ्या नमुन्यांचे आहेत. नमुन्यात लिहिलंय १० सेंटिमीटरला २२ टाके आणि छाती ९० सेंटिमीटर, म्हणजे १९८ टाके. तुमच्या हातचे २० च टाके बसत असतील तर तेच १९८ टाके ९९ सेंटिमीटर होतात. दोन टाक्यांचा फरक आणि स्वेटर नऊ सेंटिमीटरने ढगळ! लोक मग लोकरीला दोष देतात. तेव्हा आधी चांगला १५ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा विणा, धुवा, आडवा पसरून वाळू द्या आणि मधल्या भागात मोजा, कडेचे टाके मोजू नका, ते नेहमी खोटं बोलतात. कमी बसले तर बारीक सुई घ्या, जास्त बसले तर जाड. हात बदलायचा प्रयत्न करू नका, मी केला, दोन ओळी टिकतो आणि टीव्हीवर काही सुरू झालं की पुन्हा मूळ पदावर.

हा तुकडा विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, हिला पण येतो, ती म्हणते मला अंदाज आहे. तिचा अंदाज बरोबर असतो हे कबूल. पण तो तिच्या हाताचा अंदाज आहे, तो छापून दुसऱ्याला देता येत नाही, आकडाच द्यावा लागतो.

नुसतीच तक्रार नको म्हणून एक नमुना आणि त्यामागचं गणित देतो, हे मला कोणी शिकवलं नाही, स्वतः कागदावर काढलं तेव्हा पटलं. क्रोशाचा गोल रुमाल करताना तो वाटीसारखा उचलतो नाहीतर कडेला झालर पडते, ही सगळ्यांची रड. कारण साधं आहे. गोलाची त्रिज्या एक टाका-उंचीने वाढली की घेर त्याच्या सव्वासहा पटीने वाढतो (२२ भागिले ७ चं दुप्पट, शाळेतलं). मुका खांब जवळपास जेवढा उंच तेवढाच रुंद, म्हणून दर फेरीला सहा टाके वाढवावे लागतात. खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून बारा. अर्धा खांब मधला, त्याला आठ. यापेक्षा कमी वाढवले की घेर पुरत नाही आणि वाटी होते, जास्त वाढवले की घेर कुठे ठेवावा कळत नाही आणि झालर होते. टोपी करायची असेल तर वाटीची चूक मुद्दाम करायची.

तर खांबाचा रुमाल असा. चार साखळ्या घालून पहिल्या साखळीत जोडा, गोल कडी झाली. तीन साखळ्या घाला, त्या एक खांब म्हणून मोजायच्या, मग कडीत ११ खांब, आणि तिसऱ्या साखळीच्या डोक्यात जोडून फेरी बंद, एकूण १२. पुढची प्रत्येक फेरी अशीच तीन साखळ्यांनी सुरू करायची आणि जोडून संपवायची. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर २ खांब, एकूण २४. तिसरीत एका खांबावर १, पुढच्यावर २, असं फिरत जायचं, एकूण ३६. चौथीत दोनांवर एकेक आणि तिसऱ्यावर २, एकूण ४८. पाचवीत तिघांवर एकेक आणि चौथ्यावर २, एकूण ६०. सहावीत चौघांवर एकेक आणि पाचव्यावर २, एकूण ७२. शेवटी कडेने प्रत्येक खांबावर एक मुका खांब फिरवा म्हणजे कड बसते. वाढवायची जागा दर फेरीला एकावर एक येत गेली की गोलाला कोपरे पडायला लागतात, ते नको असतील तर एखाद्या फेरीत वाढ थोडी पुढे सरकवून सुरू करा, आकडा तोच ठेवून.

बघा, प्रत्येक फेरीच्या शेवटी "एकूण" लिहिलंय. छापताना नेमकं तेच जागेअभावी उडवतात! ते एकूण म्हणजे वाचणारीसाठी आधाराची काठी आहे, ४७ आले तर त्याच फेरीत चूक सापडते, नाहीतर सापडते ती चार फेऱ्यांनी, आणि मग उसवाउसवी. दुसरी उडणारी गोष्ट म्हणजे फुली किंवा तारा, "इथपासून इथपर्यंत पुन्हा करा" याची खूण. एका नमुन्यात पुढची खूण होती आणि मागची गळलेली, आम्ही दोघांनी एकच ओळ तीन प्रकारे वाचली आणि तिन्ही चुकीच्या निघाल्या.

जाळीची वीण करणाऱ्यांसाठी एक युक्ती मध्येच सांगतो, नाहीतर विसरेन. अवघड भाग सुरू व्हायच्या आधी, एक सरळ ओळ संपली की जाड सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून तो पार करून ठेवायचा, धावदोऱ्यासारखा. पुढे बिघडलं तर सुई काढून बिनधास्त उसवा, वीण त्या दोऱ्यापाशी येऊन थांबते, एकही टाका पळत नाही. मी दातांत फिरवायचा दोरा वापरतो, हिला ते अजिबात आवडत नाही पण चालतं मस्त. आणि लोकर घेताना सगळे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, आहेत ना ते लेबलवर बघा, कमी पडले आणि दुसऱ्या लॉटचे आणावे लागले तर दोन ओळी जुन्याच्या दोन ओळी नव्याच्या असं थोडा वेळ विणत जा, म्हणजे पट्टा उठून दिसत नाही.

शिवणाच्या नमुन्यांबद्दल तर तुमच्या ले-आउट विभागाशीच माझं भांडण आहे. मागे पुरवणीत ॲप्रनचं कटिंग आलं होतं, खाली लिहिलेलं "स्केल १:४". मी चौपट करून कागदावर काढलं तर गळ्याची पट्टी बाहुलीची! झालं काय असणार, चित्र बरोबर होतं पण पानात शेजारी जाहिरात बसवायला कोणीतरी ते कोपऱ्याला धरून लहान केलं, आणि १:४ हे अक्षरं होती ती तशीच राहिली. ड्रॉइंगमध्ये हा धोका फार जुना आहे आणि उपायही जुनाच, आकडा लिहू नका, चित्राखालीच चौकटींची जाळी काढा आणि लिहा "एक घर म्हणजे ५ सेंटिमीटर". मग चित्र लहान करा, मोठं करा, जाळी पण त्याच्याबरोबर लहानमोठी होते आणि माप कधीच बिघडत नाही.

मोबाइलवरून प्रिंट काढणाऱ्यांचं पण हेच. प्रिंटर आपल्या मनाने "पानात बसवा" करतो आणि १० सेंटिमीटरचा चौकोन ९.४ चा येतो, कोणाच्या लक्षात येत नाही कारण बाकी सगळं छान दिसतं, पण ९६ सेंटिमीटरचा घेर ९० वर आलेला असतो. म्हणून शंभर टक्क्यांवर प्रिंट काढा आणि कापडाला कात्री लावायच्या आधी तो चाचणीचा चौकोन पट्टीने मोजा. चौकोनच दिलेला नसेल तर तो नमुना देणाऱ्याची चूक.

आणि माया! कटिंगमध्ये शिलाईची माया, म्हणजे टीपेच्या बाहेर सोडायचं जादा कापड, धरलेली आहे की नाही हे लिहिणारा माणूस मला अजून भेटायचाय. परदेशी कंपन्यांच्या कागदी नमुन्यांत बहुतेक वेळा दीड सेंटिमीटर माया आत धरलेली असते, गोधडीच्या तुकड्यांना पाव इंच, आणि काही मासिकांच्या नमुन्यांत मायाच नसते, कागदाच्या कडेवर टीप मारायची असते. चुकून नसलेली माया धरली तर चार शिवणींचा कपडा, दर शिवणीला दोन्ही बाजूंचे मिळून तीन सेंटिमीटर, असा बारा सेंटिमीटरने आखडतो. तसंच कापडाचा उभा धागा कुठल्या दिशेला ते बाणाने दाखवा. गळ्याची पट्टी उरेब (धाग्याला तिरकी) कापायची असेल तर तसं लिहा, सरळ कापलेली पट्टी गोलाईवर चुण्या धरते आणि बिचारी शिवणारी समजते आपलाच हात वाईट.

मापांचा विचार करून नमुना द्यावा हे काही माझं नवीन खूळ नाही. १८६३ साली अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले, त्याआधी एकाच मापाचं कटिंग मिळायचं आणि लहानमोठं करायचं ते घेणाऱ्याने आपल्या अकलेने. आणि आपण आजही "फ्री साइज" छापतो.

भरतकामाचं मला कमी कळतं, ते हिचं खातं, पण तिचे दोन निरोप पोचवतो. फुलीच्या टाक्याचे नमुने रंगीत घरं भरून छापू नका, पेपरच्या कागदावर मरून आणि चॉकलेटी एकच दिसतात, प्रत्येक रंगाला टिंब, फुली, त्रिकोण अशी खूण द्या आणि दर दहा घरांनंतर जाड रेघ मारा म्हणजे मोजणारीचे डोळे वाचतात. दुसरं, कापडाचा काउंट लिहा. १४ काउंट म्हणजे इंचात १४ घरं, तर ८४ गुणिले ११२ टाक्यांचं चित्र त्यावर ६ गुणिले ८ इंच होतं, आणि तेच १८ काउंटवर साधारण पावणेपाच गुणिले सव्वासहा. फ्रेम आधी आणलेली असेल तर झालीच पंचाईत. चारही बाजूंना तीन तीन इंच कापड जास्त सोडा, फ्रेमवाल्याला पकडायला काहीतरी लागतं. लाल आणि काळ्या दोऱ्याचा तुकडा आधी ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा, रंग सुटला तर आत्ताच सुटू दे. सहा पदरी दोऱ्यातून पदर काढताना एकेकच काढायचा, दोन एकदम ओढले की गुंता ठरलेला. आणि हा मला फार आवडलेला प्रकार, दोन पदरांनी भरायचं असेल तर एकच लांब पदर घेऊन तो मधोमध दुमडा, दोन्ही टोकं सुईत ओवा, पहिला टाका खालून वर काढून परत खाली नेताना दुमडीच्या फासातून सुई घाला, गाठ मारायची गरजच नाही. मागची बाजू अशी स्वच्छ दिसते की दाखवावीशी वाटते.

एक शंका पुष्कळांच्या मनात असते की दुसऱ्याचा नमुना पुढे वाटावा का. टाके कोणाच्या मालकीचे नाहीत, खांब आणि साखळी सगळ्यांचीच, पण कोणी बसून, विणून, उसवून, तपासून लिहिलेला विकतचा नमुना फोटो काढून पन्नास जणींना पाठवणं मला पटत नाही. तुम्ही छापता त्यांनाही विचारा, हा स्वतः करून बघितलाय का. मला तर वाटतं "तपासलं कोणी" हे घर भरल्याशिवाय नमुना छापूच नये, लिहिणारी सोडून दुसऱ्या कोणीतरी, नुसतं वाचून, एकही प्रश्न न विचारता तो करून बघितलेला असावा. लिहिणाऱ्याला आपल्या चुका दिसत नाहीत, कारण त्याच्या हाताला पुढचं माहीत असतं.

म्हणून मागणी एवढीच. दर नमुन्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, तीन बोटं जागा, एक चौकट. त्यात सुई किंवा हूक मिलिमीटरमध्ये, दोऱ्याची जाडी आणि एकूण किती मीटर लागला, १० सेंटिमीटरमध्ये टाके आणि ओळी, तयार वस्तूचं माप, शिवण असेल तर माया आहे की नाही, आणि तपासणाऱ्याचं नाव. जागा नसेल तर फोटो लहान करा, चालेल. आणि चूक झाली तर पुढच्या शनिवारी त्याच पानावर, त्याच कोपऱ्यात दुरुस्ती छापा, आतल्या पानात बारीक टायपात नको, कारण नमुने कापून ठेवणारी माणसं ते पान चिकटवहीत लावतात आणि दहा वर्षांनी उघडतात.

आपला,
एक वाचक

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी हिने वाचलं. म्हणाली, "अहो, एवढं सगळ्यांना सुनावलंत, तुमच्या रुमालाची चौकट कुठाय?" तर, हूक ३ मिलिमीटर, सुती दोरा, सहा फेऱ्यांना तयार माप साधारण साडेबारा सेंटिमीटर. दोरा किती मीटर लागला ते मोजलं नव्हतं, म्हणून केलेला रुमाल आत्ता उसवायला घेतलाय, आकडा पुढच्या पत्रात कळवतो. तपासलं: बायकोने.